सूर्य खवळला तर नाशिकमध्ये काय बंद पडेल?

वर्षातून दोन-तीनदा तो मेसेज फिरतो. "आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत." सोसायटीच्या ग्रुपवर एखादे काका तो पुढे ढकलतात, खाली चार-पाच जण हात जोडतात, आणि सकाळी सगळे विसरून जातात. मेसेज खोटाच असतो. वैश्विक किरण अहोरात्र येतच असतात, त्यांना वेळापत्रक नसतं, आणि आपण मोबाईल बंद केला काय, चालू ठेवला काय, त्यांना सारखंच.

पण या थट्टेच्या नादात खरी गोष्ट मागे पडते. सूर्यावरून येणारं एक संकट खरोखर आहे: सौरवादळ. ते यंत्रांनी मोजलेलं आहे, आणि त्यानं एका देशातला अख्खा प्रांत दीड मिनिटात अंधारात घातलेला आहे. मोबाईलला त्याचा थेट काही त्रास नाही. त्याची वाट चारशे आणि सातशे पासष्ट केव्हीच्या (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाइनींतून जाते. तिथून ते आपल्या नळापर्यंत, एटीएमपर्यंत आणि कोल्ड स्टोरेजपर्यंत कसं पोचू शकतं, ते नीट पाहू.

तीन पाहुणे, तीन वेग

सूर्यावर मोठा उद्रेक झाला की तीन गोष्टी निघतात, आणि बातम्यांत या तिन्हींची खिचडी होते.

पहिली म्हणजे सौरज्वाला. हा निव्वळ प्रकाश असतो, मुख्यतः क्ष-किरण आणि अतिनील किरण. १५ कोटी किलोमीटरचं अंतर तो ८ मिनिटं २० सेकंदांत कापतो, म्हणजे आपल्याला दिसतो तेव्हा तो आलेलाच असतो. ज्वालांना ए, बी, सी, एम, एक्स अशी अक्षरं आहेत आणि प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा दसपट जोरदार. उजेडाच्या बाजूला लघुलहरी रेडिओ काही मिनिटं ते तास-दोन तास मुका होतो. समुद्रावरून जाणारी विमानं आणि जहाजं वैतागतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

दुसरी गोष्ट, वेगवान प्रोटॉनची फवार. ती अर्ध्या तासापासून काही तासांत पोचते. उपग्रहांची इलेक्ट्रॉनिक्स आणि अंतराळवीर यांना तिचा धोका. जमिनीवर आपल्या डोक्यावर हवेचं जाड पांघरूण आहे, त्यामुळे शरीराला काही होत नाही.

तिसरी खरी घातक. सूर्याच्या बाहेरच्या आवरणातला अब्जावधी टनांचा तापलेला, चुंबकीय वायूचा लोळ सुटतो. त्याचा वेग सेकंदाला अडीचशे ते तीन हजार किलोमीटर. पृथ्वीपर्यंत यायला एरवी दोन ते चार दिवस लागतात, अगदी बेफाम असेल तर पंधरा-अठरा तास. सौरवादळ म्हणतात ते हा लोळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की होतं.

आदळला म्हणजे नुकसान झालंच असंही नाही. लोळाच्या आतलं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे रोखलेलं असेल तर पृथ्वीचं कवच त्याला बऱ्यापैकी थोपवतं. ते दक्षिणेकडे रोखलेलं असेल तर दोन्ही क्षेत्रं एकमेकांत गुंततात आणि दार उघडतं. ही दिशा दुर्बिणीतून कळत नाही, लोळ यंत्रावरून जातानाच मोजता येते. भारताचं आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला फिरतं आहे. त्यावरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेनं बनवली आहे, चुंबकमापकही यानावर आहे. तिथून पृथ्वीपर्यंत यायला लोळाला पंधरा मिनिटं ते तासभर लागतो. खात्रीलायक इशाऱ्यासाठी मिळणारा वेळ एवढाच. चार दिवस आधीचा अंदाज म्हणजे पावसाच्या अंदाजासारखा: ढग दिसलाय, पण कुठे बरसेल ते सांगता येत नाही.

कुलाब्याच्या वहीतली नोंद

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या प्रतिमेवरून डाग रेखाटत होते. एका डागसमूहावर दोन लखलखते पांढरे ठिपके उमटले आणि पाचेक मिनिटांत विझले. साडेसतरा तासांनी पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरलं. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडमधल्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि नुसत्या आकाशातून आलेल्या विजेवर संदेश पाठवले.

या वादळाची एक फार मोलाची मोजणी मुंबईत झाली आहे. युरोपातल्या काही वेधशाळांत आलेख कागदाच्या बाहेर गेला. कुलाबा वेधशाळेत मात्र माणसं यंत्रावरचे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवत होती. क्षेत्राचा आडवा घटक तिथे सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) कोसळला. आपल्याकडे तो एरवी ३८ हजारांच्या आसपास असतो, म्हणजे चार टक्क्यांची घट. ऐकायला किरकोळ वाटते, पण एरवीच्या चांगल्या वादळात ही घट शंभर-दोनशेची असते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजणी १९०४ मध्ये अलिबागला हलवली. ती आजही चालू आहे. विजेमुळे होणारं नुकसान समजून घ्यायला लागणारं यंत्र आधी विजेपासूनच पळवून न्यावं लागलं.

एवढं वादळ किती वर्षांनी येतं? इथे तज्ज्ञांत एकमत नाही. २०१२ च्या एका गणितात दर दशकाला १२ टक्के शक्यता निघाली, २०१९ च्या दुसऱ्या गणितात दोन टक्क्यांच्याही खाली. दोन्ही आकडे मोजक्याच घटनांवर बेतलेले आहेत, म्हणून त्यांपैकी एकच उचलून भीती घालणं किंवा निर्धास्त राहणं दोन्ही चूक. २३ जुलै २०१२ ला त्याच ताकदीचा एक लोळ पृथ्वीच्या कक्षेतून आरपार गेला, पण पृथ्वी तेव्हा कक्षेत दुसरीकडे होती. वाटेत असलेल्या स्टीरिओ-ए या यानानं तो मोजला.

लाइनीत काय होतं

आता मूळ मुद्दा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र झपाट्यानं बदललं की जमिनीत विद्युतदाब तयार होतो. समजा किलोमीटरमागे एक व्होल्ट. घरातल्या वायरिंगला, मोबाईलला, गाडीला याचा काहीच उपद्रव नाही, कारण त्यांची लांबी मीटरांत आहे. पण पाचशे किलोमीटरच्या लाइनीवर ते पाचशे व्होल्ट होतात. तारा, ट्रान्सफॉर्मर आणि अर्थिंग मिळून रोध पाच ओहम धरला, तर शंभर अँपिअर प्रवाह एका उपकेंद्राच्या अर्थिंगमधून वर चढतो, लाइनीतून जातो आणि दुसऱ्या उपकेंद्रात जमिनीत उतरतो.

आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते. हा घुसखोर प्रवाह मात्र काही मिनिटांत एकदा दिशा बदलतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या लेखी तो डीसीच, एकाच दिशेनं वाहणारा. पाळणा मधोमध झुलत असताना कुणी तो एका बाजूला ओढून धरला, तर दर झोक्याला तो त्याच बाजूच्या भिंतीवर आपटेल. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्याचं तसंच होतं. दर फेरीत एका बाजूला तो चुंबकत्वानं तुडुंब भरतो आणि क्षेत्र गाभ्याबाहेर सांडतं. टाकीची भिंत, पट्ट्या, बोल्ट तापतात. तेल तापतं, त्यात वायू तयार होतात, गुणगुण वाढते. त्याच वेळी ट्रान्सफॉर्मर ग्रीडमधून, म्हणजे विजेच्या सामायिक जाळ्यातून, अवाच्या सवा रिॲक्टिव्ह पॉवर (चुंबकत्व उभं करण्यातच गुंतणारी वीज) ओढायला लागतो, व्होल्टेज खाली येतं, आणि विजेच्या गुळगुळीत लाटेत खाचखळगे पडतात. संरक्षक रिले हे खाचखळगे बिघाड समजतात आणि निरोगी यंत्रंही बंद करतात.

१३ मार्च १९८९ ला कॅनडाच्या क्विबेकमध्ये नेमकं हेच झालं. उत्तरेच्या जलविद्युत केंद्रांपासून शहरांपर्यंत हजारभर किलोमीटरच्या ७३५ केव्ही लाइनी, आणि खाली प्राचीन, वीज न वाहू देणारा खडक. जमिनीला वीज नको असली की ती तारांची वाट धरते. पहाटे पावणेतीनच्या सुमाराला व्होल्टेज सावरणारी सात यंत्रं मिनिटभरात एकामागून एक ट्रिप झाली. दीड मिनिटात प्रांताचं ग्रीड झोपलं. साठ लाख लोक, नऊ तास. यातली बरीच यंत्रं जळालेली नव्हती, घाबरून बंद झालेली होती. नंतर तिथल्या कंपनीनं रिलेंची सेटिंगं बदलली आणि लाइनींमध्ये डीसी अडवणारे कपॅसिटर बसवले.

खरी भीती जळण्याची आहे. मोठा पारेषण ट्रान्सफॉर्मर दोनशे-अडीचशे टनांचा असतो, मागणीनुसार बनतो, आणि यायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. तो वाहून न्यायला पूल तपासावे लागतात. एक गेला तर शेजारून वीज वळवता येते, एका रात्रीत दहा गेले तर वळवायची कुठून? "मानवजातीचं अस्तित्व धोक्यात" वगैरे मथळ्यांमागचा खरा प्रश्न तो आहे: वीज आठ तासांत परतते की आठ महिन्यांत.

गल्लीतल्या डीपीला मात्र ही भीती नाही. ११ केव्हीच्या बाजूला तिची जोडणी त्रिकोणी, म्हणजे डेल्टा असते. जमिनीतून वर चढायला तिथे दारच नाही.

नाशिकचा पत्ता

चुंबकीय नकाशावर नाशिक साधारण ११-१२ अंशांवर येतं, क्विबेकच्या लाइनी साठीच्या आसपास. ध्रुवांजवळ आकाशात विजेचे प्रचंड प्रवाह वाहतात, त्यांच्या खाली जमीन सर्वाधिक हादरते. आपण त्यापासून खूप लांब आहोत. मे २०२४ चं वादळ वीस वर्षांतलं सर्वांत मोठं होतं. लडाखच्या हानलेहून आकाशात तांबूस उजेड दिसला, नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या मात्र नेहमीसारख्या धूर सोडत होत्या.

म्हणून हात झटकावेत असंही नाही. ऑक्टोबर २००३ च्या वादळानंतर दक्षिण आफ्रिकेत, म्हणजे ध्रुवापासून चांगल्याच लांबच्या देशात, काही मोठे ट्रान्सफॉर्मर पुढच्या महिन्यांत खराब होत गेले. लगेच फुटले नाहीत. आतलं कागदी इन्सुलेशन भाजून निघालं आणि नंतर दगा दिला. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ पासून आपला देश एकाच ग्रीडवर आहे. रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही लाइन जोडली गेली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत सगळं एका तालात आलं. फायदा मोठा आहे, पण एका टोकाचा झटका दुसऱ्या टोकाला जाणवतो. ३१ जुलै २०१२ ला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतात साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. सूर्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता, जास्त भार आणि एका पाठोपाठ एक ट्रिपिंग. दुखणं वेगळं होतं, पण कोसळण्याची तऱ्हा तीच.

नाशिकला आधी चटका बसेल तो जीपीएसचा, आणि त्याला कारण आपला अक्षांशच. दिवसभर विषुववृत्ताजवळ वर उचलले गेलेले विद्युतभारित कण उत्तरेला आणि दक्षिणेला ओघळून साधारण १५ चुंबकीय अंशांवर साठतात. भारतात हा साठा गुजरात-मध्य प्रदेशच्या पट्ट्यावर असतो, नाशिकपासून फार लांब नाही. सूर्यास्तानंतर त्यात बुडबुडे उठतात आणि उपग्रहाचा सिग्नल तारा लुकलुकतात तसा लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्य तापट असलेल्या वर्षांत, हे वादळाशिवायही होतं. वादळात जास्त.

रोव्हर (उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा मोजणारं यंत्र) घेऊन जमिनीची मोजणी करणाऱ्यांना याची खूण ओळखता येते. आकाश मोकळं, झाड नाही, इमारत नाही, तरी रोव्हर "फिक्स" (पक्की जागा) देत नाही, "फ्लोट"वरच (अंदाजे जागेवरच) अडकतो. अशा वेळी कितीही थांबलात तरी सेंटिमीटरची अचूकता येणार नाही. बांधाच्या मोजणीत दीड फुटाची चूक म्हणजे भावाभावांत दहा वर्षांची केस. त्या दिवशी खुणा कायम करू नयेत, दुसऱ्या दिवशी सकाळी दोन जुने बिंदू तपासून मग पुढे जावं. फवारणीच्या ड्रोनचंही तेच. चुंबकीय वादळाचा जोर सांगणारा केपी नावाचा शून्य ते नऊ असा निर्देशांक असतो. तो पाचाच्या वर असेल तर ठरवून दिलेल्या मार्गावरचं स्वयंचलित उड्डाण टाळावं, नाहीतर ड्रोन द्राक्षाच्या मांडवाच्या तारेत. अमेरिकेत मे २०२४ मध्ये ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर कित्येक तास उभे राहिले.

मार्चवरून आणखी एक. पृथ्वीचा कल असा आहे की दिवस-रात्र समान असतात त्या सुमाराला सौरवादळं जास्त लागतात. नाशिकचा द्राक्षाचा ऐन हंगाम तोच. निफाड-दिंडोरीत तोडलेला माल काही तासांत प्रीकूलिंगला जातो आणि शून्य-एक अंशाला साठवला जातो. कोल्ड स्टोरेजच्या मालकानं जनरेटर आहे यावर समाधान मानू नये, डिझेल किती तासांचं आहे ते मोजावं. सगळीकडे वीज गेली की पंपावर डिझेल काढायलाही वीजच लागते.

अंधारानंतरचा क्रम

समजा पश्चिम ग्रीड पूर्ण झोपलं. बटण दाबून ते उठत नाही. एकलहऱ्याचा २१० मेगावॉटचा एक संच सुरू करायला कोळशाच्या गिरण्या, पंखे आणि बॉयलरला पाणी देणारे पंप फिरवावे लागतात, आणि या घरकामालाच पंधरा-वीस मेगावॉट वीज लागते. थंड पडलेला औष्णिक संच बाहेरच्या विजेशिवाय उठत नाही. पहिला उठतो जलविद्युत संच: पाण्याचं दार उघडायला आणि जनित्राला सुरुवातीचं चुंबकत्व द्यायला बॅटरी किंवा छोटा डिझेल जनरेटर पुरतो. मग त्या विजेनं एक लाइन भारित करायची, थोडा भार जोडायचा, औष्णिक केंद्रापर्यंत वीज न्यायची, तिथला संच तासन् तास तापवायचा. प्रत्येक पायरीवर निर्मिती आणि भार यांचा तोल पन्नास हर्ट्झच्या आसपास राखायचा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

शहरात वीज आल्यावरही ती टिकेल असं नाही. आठ तास बंद असलेले सगळे फ्रीज, सगळे एसी, सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम ओढायला लागतात आणि फीडर पुन्हा पडतो. म्हणूनच वीज गेली की मोठी उपकरणं बंद करून एक दिवा चालू ठेवायचा. तो लागला की पंधरा मिनिटं थांबायचं, मग फ्रीज, मग बाकीचं.

तोवर पाण्याचं काय? गोदावरी शहरातून वाहते, म्हणून पाणी वाहतच घरी येतं असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. गंगापूर धरणातलं पाणी पंपांनी उचललं जातं, मुकणेचं पंपांनी विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रात येतं. जलकुंभ भरलेले असतील तर एक वेळचं पाणी मिळेल, त्यानंतर सोसायटीच्या खालच्या टाकीत असेल ते बादलीनं काढायचं. माणशी रोज चार लिटर पिण्या-स्वयंपाकाला धरले, तर चार जणांच्या घराला तीन दिवसांचे जवळपास पन्नास लिटर होतात. झाकणाचे दोन मोठे ड्रम. पाणी संशयास्पद असेल तर आधी फडक्यातून गाळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळावं.

सौर पॅनेल बसवलेल्यांनी हा भाग सावकाश वाचावा. छतावर तीन किलोवॉट चकाकत असले तरी नेट मीटरिंगचा साधा इन्व्हर्टर ग्रीड गेलं की स्वतःहून बंद होतो, भर दुपारीसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सक्तीची सोय आहे. अंधारात स्वतःची वीज हवी असेल तर बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि घरातली निवडक सर्किटं वेगळी काढावी लागतात.

साध्या घरगुती इन्व्हर्टरचं गणितही करून ठेवावं. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात चांगल्या स्थितीत हजार-अकराशे धरा. नऊ वॉटचे दोन दिवे, राउटर दहा वॉट आणि पंचाहत्तर वॉटचा जुना पंखा मिळून एकशे तीन वॉट, म्हणजे दहा तास. तोच पंखा तीस वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी असेल तर अठरा तास. टीव्ही लावला की हिशेब कोलमडला. मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांच्या, नंतर तिथेही डिझेल. म्हणून सेलवर चालणारा रेडिओ घरात असावा, आकाशवाणी नाशिक त्यावर लागतं का ते आधी पाहून ठेवावं.

आणि रोकड. देशाच्या नोटा नाशिकरोडला छापल्या जातात, पण नाशिककरांच्या खिशात हल्ली नोट सापडत नाही. आठवडाभराच्या भाजी-दूध-औषधाचे पैसे, शंभर-पन्नासच्या नोटांत. पाचशेची नोट अंधारात सुटी होत नाही. घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर उघडलेली कुपी बहुतेक प्रकारांत महिनाभर खोलीच्या तापमानाला चालते, पण मे महिन्यातली आपली खोली म्हणजे ते तापमान नव्हे. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवून दोन्हींच्या मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि कुपी आतल्या मडक्यात कोरड्या डब्यात ठेवावी. बर्फाला थेट टेकवू नये, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

झाडांत लपलेली वादळं

१८५९ हा सूर्याचा कळस म्हणावा, तर झाडं वेगळं सांगतात. २०१२ मध्ये जपानच्या फुसा मियाके यांनी देवदाराच्या खोडातल्या वर्षवलयांत इसवी सन ७७४-७७५ ला कार्बन-१४ ची (वरच्या हवेवर कणांचा मारा झाला की तयार होणाऱ्या किरणोत्सारी कार्बनची) एकदम १.२ टक्के उडी दाखवली. ती जगभरच्या झाडांत सापडली. कॅरिंग्टनच्या वादळाची अशी ठळक खूण झाडांत मिळत नाही, यावरून कणांचा तो मारा किती मोठा होता याचा अंदाज यावा. ९९३-९९४ ला आणखी एक, आणि फ्रान्समधल्या गाडल्या गेलेल्या झाडांत १४,३०० वर्षांपूर्वीचा सर्वांत मोठा.

७७४ च्या आसपास राष्ट्रकूटांच्या राज्यात वेरूळचं कैलास लेणं कोरलं जात होतं. सूर्य कणांचा मारा करत होता आणि पाथरवटाची छिन्नी चुकली नाही, विहिरीवरची मोट थांबली नाही. तेव्हा तोडायला तारच नव्हती. माणूस त्यातून गेला आणि त्याला कळलंही नाही. आज तसंच काही आलं तर आधी उपग्रह जातील. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका किरकोळ वादळानं वरची हवा जरा फुगली, तेवढ्यावर नुकतेच सोडलेले ४९ पैकी ३८ स्टारलिंक उपग्रह खाली येऊन जळाले.

आकाशातली बाकीची संकटं

फुटणारे तारे यादीतून जवळजवळ काढून टाकता येतात. घात व्हायला तारा पंचवीस-पन्नास प्रकाशवर्षांच्या आत फुटावा लागतो, तसा उमेदवार तिथे नाही. मृग नक्षत्रातला तांबडा काक्षी (बेटेलज्यूज) तारा उद्या फुटला तरी पाचशेहून अधिक प्रकाशवर्षांवरून तो दिवसाही दिसेल, एवढंच. सूर्य तापत जाऊन समुद्र आटवील हेही खरं, पण त्याला शंभर कोटी वर्षं आहेत.

दगड मात्र गंभीरपणे घ्यावेत. नाशिकपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत लोणार आहे, १.८ किलोमीटर व्यासाचं, आणि ते खणायला शंभरेक मीटरचा दगड पुरला. आपला ब्रह्मगिरी, अंजनेरी, त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर ज्या लाव्हाचा आहे तो ओतला गेला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. त्या थरांच्या एका गटाला भूशास्त्रात "इगतपुरी" हेच नाव आहे. त्याच काळात मेक्सिकोजवळ दहा किलोमीटरचा दगड पडला आणि डायनोसोर संपले. त्या नाशात दगडाचा वाटा किती आणि आपल्या काळ्या कातळाच्या धुराचा किती, यावर अजून वाद चालतात.

पण सूर्याच्या तुलनेत इथे एक मोठी सोय आहे: दगडाची तारीख काढता येते. २०२४ वायआर४ नावाच्या दगडाची २२ डिसेंबर २०३२ ला आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांवर गेली होती, आणि संभाव्य पट्टा अरबी समुद्र व दक्षिण आशियावरून जात होता. आणखी निरीक्षणं झाली तशी ती जवळजवळ शून्यावर आली. असा आकडा आधी चढतो आणि मग एकदम कोसळतो, कारण दगडाच्या संभाव्य वाटांचा पट्टा आक्रसताना पृथ्वी काही दिवस त्याच्या आतच राहते; मथळे त्याच दिवसांत छापले जातात. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस हा साडेतीनशे मीटरचा दगड ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, आदळणार नाही. आणि वेळ मिळाला तर ढकलताही येतं. २६ सप्टेंबर २०२२ ला डार्ट यानानं डायमॉर्फस या १६० मीटरच्या दगडाला धडक दिली, त्याची मोठ्या जोडीदार दगडाभोवतीची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली.

सापडत नाहीत ते वीस मीटरचे, विशेषतः सूर्याच्या बाजूनं येणारे. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर असाच एक तीस किलोमीटर उंचीवर फुटला. डोळे दिपवणारा उजेड पडला, आवाज आला नाही. लोक काय झालं ते पाहायला खिडक्यांशी गेले. हवेचा धक्का दीड ते अडीच मिनिटांनी पोचला आणि काचा आत उडाल्या. सुमारे पंधराशे जखमी, बहुतेक काचेनं. आकाशात सूर्यापेक्षा झगझगीत काही दिसलं तर खिडकीकडे न जाता भिंतीआड, डोकं झाकून, निदान पाच मिनिटं. तिथल्या एका वर्गात बाईंनी मुलांना लगेच बाकांखाली बसवलं. मुलांपैकी एकालाही काच लागली नाही. बाई स्वतः उभ्या होत्या, त्यांचा हात कापला.